परकायाप्रवेश

कालगणनेच्या बाबतीत आमच्या अवंतिकेला कोणी शिकवावे असे नाही. येथे साक्षात महाकाल नांदतो. विक्रमाचा संवत येथल्या राजाच्या नावाने चालतो. प्राचीन ज्योतिषाची शून्य रेखांशाची रेषा याच नगरीवरून जाते असे मानीत. आणि सवाई जयसिंहाने बांधलेल्या, पुढे १९२३ साली माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केलेल्या वेधशाळेतील सम्राट यंत्र आजही आकाश निरभ्र असेतोवर वेळ दाखवते. अशा नगरीत राहणाऱ्या आमच्या संगणकाचा अंतकाल मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीने ठरवला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. तत्पूर्वी कित्येक महिने पडद्यावर सूचना झळकत होती. तिची भाषा मोठी मृदू होती. परंतु ३८ वर्षे शासकीय सेवेत घालवलेल्या माणसाला असल्या मृदू भाषेचा अर्थ चटकन उमगतो. सेवानिवृत्तीचा आदेशही असाच विनम्र असतो.

यंत्र बिघडलेले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. २०१२ साली सुटे भाग जुळवून घेतलेले ते टेबलावरचे खोके. त्याचा पंखा थंडीत थोडा घरघरतो, सुरू व्हायला ते चहा निवेल इतका वेळ घेते, पण एकदा उठले की दिवसभर कुरकुर न करता काम करते. घेतले तेव्हा त्यात विंडोज सात होती. २०१६ मध्ये दहावी आवृत्ती विनामूल्य मिळाली, तीही त्याने पचवली. अकरावी मात्र पचण्यासारखी नव्हती. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमच्या खोक्याचा जन्मच त्यापूर्वीचा. जन्मतारखेवरून अपात्र ठरण्याचा अनुभव आम्हांला नवा नाही, त्यालाही तो आला इतकेच. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयापायी जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्याच्या वाटेला लागू शकतील. त्या २४ कोटींतला एक आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, क्रोशाच्या विणलेल्या आच्छादनाखाली बसला होता.

आमच्या वयाच्या वाचकांसाठी येथे दोन शब्द. ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिला आपण 'प्रणाली' म्हणू. संगणक ही इमारत, आणि प्रणाली हे त्या इमारतीत बसलेले दफ्तर. कोणता कागद कोणत्या कपाटात ठेवायचा, कोणाला कोणासमोर केव्हा उभे करायचे, छपाईच्या यंत्राला हुकूम कोणी द्यायचा, अनोळखी माणसाला दारातच कोणी अडवायचे, हे सारे ती पाहते. कोषालयात असताना आम्ही अनेक साहेब आलेले-गेलेले पाहिले. इमारत तीच, पण बडे बाबू बदलले की साऱ्या कार्यालयाची चाल बदलत असे. देखभाल थांबली म्हणजे दफ्तर बंद पडले असे नव्हे. ते चालतेच, फक्त दाराचे कुलूप जुने होते आणि चोरांना त्याच्या किल्ल्या हळूहळू ठाऊक होत जातात. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा हिशेब पाहतो त्याला असे कुलूप ठेवणे शहाणपणाचे नाही.

फ्रीगंजातील एका दुकानदाराला बोलावले. त्याने खोक्याकडे वैद्य अत्यवस्थ रोग्याकडे पाहतो तसे पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, अब इसमें जान नहीं बची. नया ले लीजिए." त्याचा धंदाच तो, त्याला दोष नाही. अकरावी आवृत्ती आडमार्गाने चढवून देणारीही माणसे असतात असे त्याने सुचवले. पण जी गोष्ट मूळ कर्त्यानेच वर्ज्य सांगितली ती आडमार्गाने करून घेणे आमच्या हाडात बसत नाही. एका वर्षाची मुदतवाढ घेण्याचीही सोय होती. मुदतवाढीचे प्रस्ताव आयुष्यभर इतके हाताळले आहेत की, त्यांतून प्रश्न सुटत नसून पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो, हे आम्ही जाणतो. येथे पुढचा अधिकारीही आम्हीच. सौ.चे म्हणणे याहून सोपे होते. "अहो, काम देतंय ना? मग टाकायचं कशाला?" आमच्या घरात १९६२ सालचा पितळी बंब याच न्यायाने अद्याप नांदत आहे.

परंतु आमच्या चिंतेचे मूळ निराळेच होते, आणि त्यासाठीच हा लेखप्रपंच. त्या संगणकात वडिलांनी लिहिलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी असा काही कागद असेलच. शिंदे-होळकरांच्या मागोमाग किंवा त्यांच्या आश्रयाने आपली घराणी माळव्यात आली. कोण कधी आला, कोणाच्या हाताखाली राहिला, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, हे कुठे ना कुठे लिहिलेले असतेच. वडिलांनी निवृत्तीनंतर सात वह्या भरून ते लिहिले. २००४-०५ च्या सुमारास न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या एका हिंदीभाषी टंकलेखकाकडून आम्ही ते संगणकावर उतरवून घेतले. १४३ पाने झाली. पुढच्याच पावसाळ्यात माळ्यावर पाणी झिरपले आणि त्या सातही वह्यांचा लगदा झाला. २००७ मध्ये वडील गेले. तेव्हापासून ती १४३ पाने हाच एक आधार. तीन संगणकांतून ती फाइल आम्ही हातोहात पुढे आणली आहे, जसे पूर्वी गाव सोडताना देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून नेत.

माळव्यातल्या मराठी घरांना हा अनुभव पूर्वीही आलेला आहे. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत मोडी लिपीतले पंधरा-वीस कागद आहेत. शिंद्यांच्या व होळकरांच्या दफ्तरांतील मराठी व्यवहार मोडीतच चाले. घरोघरीचे हिशेब, पत्रे, करारमदार सारे मोडीत. पुढे बाळबोध आली, छापखाना आला, शाळा आल्या, आणि दोन पिढ्यांत मोडी वाचणारा माणूस शोधावा लागू लागला. भाषा आपलीच, कागद आपल्याच आजोबांचा, अक्षरही सुरेख. तरी वाचता येत नाही. लिपी बदलणे हेही एका अर्थाने प्रणाली बदलणेच होते. त्या बदलात किती घरांचे किती कागद मुके झाले याची मोजदाद कोणी केली नाही.

म्हणून आमचा प्रश्न इतकाच होता की, नव्या प्रणालीत वडिलांची पाने वाचता येतील की नाही.

इंदूरला आमच्या धाकट्या बंधूंची कन्या असते. संगणकाच्याच व्यवसायात आहे. तिने फोनवरच निकाल दिला, "काका, लिनक्स टाकू. मी शनिवारी येते. तोवर तुम्ही कशालाही हात लावू नका." लिनक्सचे नाव आम्ही ऐकून होतो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प आरंभला होता; त्यांचा आग्रह असा की, आज्ञावली ज्याच्या हाती येईल त्याला ती वाचण्याची, सुधारण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक असावी. या दोन प्रवाहांचा संगम झाला आणि जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. सिंहस्थातल्या अन्नछत्रासारखी ही रीत आहे. कोणी पीठ आणून टाकतो, कोणी लाकडे फोडतो, कोणी नुसता वाढतो. पंगतीला बसणाऱ्याला नाव विचारत नाहीत. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला निविदेशिवाय, देयकाशिवाय एवढे मोठे काम उभे राहते हे पटायला वेळ लागतो. आम्हांला लागला.

लिनक्स म्हणजे एकच वस्तू नव्हे. त्याची घराणी आहेत, जशी गाण्याची असतात. १९९३ पासून चालत आलेले डेबियन हे एक मोठे घराणे. २००४ मध्ये त्यातून उबुंटू निघाले. उबुंटूच्या पोटी २००६ मध्ये मिंट. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच कुळातली. स्वदेशी म्हणून आमचे मन प्रथम बॉसकडे ओढले. ज्या सी-डॅकच्या पुण्याच्या कार्यालयातून भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे केवढे तरी काम झाले, तिच्याविषयी मराठी माणसाला आपलेपणा असणारच. परंतु आमच्या पुतणीचा हात मिंटवर बसलेला. रात्री नऊला काही अडले तर "अगं, हे काय झालं?" असे विचारायला ज्या प्रणालीचे माणूस घरात आहे ती प्रणाली घ्यावी, असा आम्ही विचार केला. वैद्य निवडतानाही आपण पुष्कळदा हेच करतो. शिवाय मिंटची मागणी माफक. दोन जीबी स्मृतीवर ती चालते, चार असेल तर उत्तम असे तिचे कर्तेच सांगतात. आमच्या खोक्यात चारच होती. मिंटच्या आवृत्त्यांना ओळीने वर्णमालेप्रमाणे स्त्रियांची नावे ठेवतात, हे कळल्यावर सौ.चा कल तिकडे झाला. नक्षत्राच्या चरणाक्षरावरून नाव ठेवणाऱ्या लोकांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

शनिवारी पुतणी आली. तिने येताना बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सबंध प्रणाली भरून आणली होती. आम्हांला सर्वांत नवल वाटले ते याचे की, ती प्रणाली न बसवताच चालवून पाहता येते. संगणक सुरू होताना एक कळ दाबायची, पेनड्राइव्हवरून उठायला सांगायचे, की नवी प्रणाली तात्पुरती कारभार हाती घेते. आतल्या कपाटांना हात लावीत नाही. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की जुना कारभारी जागच्या जागी. आमच्या भाषेत याला प्रतिनियुक्ती म्हणतात. अधिकारी यावा, काम पाहावे, आपल्याला तो आणि त्याला आपण मानवलो तर पुढचे. बदलीच्या बाबतीत शासनाने हीच रीत ठेवली असती तर पुष्कळांचे रक्तदाब ताळ्यावर राहिले असते. असो.

पडदा उजळला. छपाईचे जुने यंत्र कोणत्याही तबकडीविना ओळखले गेले. ध्वनी आला. आंतरजाल आले. मग पुतणीने वडिलांची फाइल उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. ओळींमागून ओळी रोमन अक्षरांच्या, मध्येच अवतरणचिन्हे, मध्येच अंक. शीर्षस्थानी जेथे महाकालाचे नाव होते तेथे ई, जी, के, डी, के, वाय अशी सहा अक्षरे. 'राम' असे जेथे होते तेथे जे, के, ई. १४३ पाने अशी. सौ. पाठीमागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे काय, मोडी झाली की!"

खुलासा असा. ती पाने कृतिदेव या टंकात होती. हिंदी प्रदेशातल्या कार्यालयांत ज्याने त्या काळी काम केले त्याला कृतिदेव माहीत नाही असे होणार नाही. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर ज्यांची बोटे तयार झाली त्यांना तो सोयीचा. कळा त्याच, फक्त लोखंडाऐवजी पडदा. जानेवारी २००० मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या सूचनालयांत संगणक जाऊन बसले, त्या सुमारास आमची नेमणूक धारलाच होती. खसऱ्याची नक्कल यंत्रातून निघताना पाहून शेतकरी ती उन्हात धरून बघत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या काळी आमच्या टेबलावरची प्रत्येक टीप, प्रत्येक आदेश कृतिदेवातच निघे. परंतु या टंकाची मूळ युक्ती बहुरूप्याची आहे. संगणकाच्या लेखी तेथे 'म' नसतोच. तेथे रोमन 'ई' असतो. टंक त्याच्या तोंडावर 'म'चा मुखवटा चढवतो. मुखवटा हजर असेतोवर आपल्याला मराठी दिसते. तो नसेल तर खालचा मूळ चेहरा उघडा पडतो. विंडोजमध्ये तो मुखवटा आम्ही २० वर्षांपूर्वी बसवला होता, नव्या प्रणालीत तो नव्हता.

याउलट युनिकोडमध्ये 'म' हा 'म'च असतो. १९९१ मध्ये भारताने इस्की नावाचे लिपिमानक स्वीकारले, त्याच्या १९८८ च्या मसुद्याच्या आधारे युनिकोडने देवनागरीला आपल्या कोष्टकात जागा दिली, आणि जगातील प्रत्येक अक्षराला त्याचा कायमचा क्रमांक मिळाला. मुखवट्याचा टंक बदलला तरी क्रमांक बदलत नाही. आजचे मोबाइल, वृत्तपत्रे, नातवंडांचे निरोप सारे त्यावर चालते. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीलाही क्रमांक दिले. पुतणीने नोतो मालिकेतला मोडीचा टंक बसवून आमचे आडनाव पडद्यावर मोडीत उमटवून दाखवले. त्या संध्याकाळचा विपर्यास असा की, पणजोबांची लिपी नव्या यंत्राला वाचता येत होती आणि २० वर्षांपूर्वीची आमचीच फाइल येत नव्हती.

तात्पुरता उपाय सोपा होता. कृतिदेवाचा टंक जुन्या प्रणालीतून उचलून नव्या प्रणालीतील टंकांच्या कप्प्यात ठेवला, लिब्रेऑफिसने तो ओळखला, आणि वडिलांची पाने पूर्ववत दिसू लागली. आम्ही समाधानाने खुर्चीत मागे रेललो. पुतणी मात्र म्हणाली, "काका, आज दिसतंय. पण मी हे माझ्या फोनवर घेतलं तर पुन्हा जे-के-ई. आणि यात पणजोबांचं नाव शोधायचं म्हटलं तर यंत्राला सापडणार नाही. हे युनिकोडमध्ये आणू या." तिचे म्हणणे खरे होते. आम्ही मान डोलावली.

प्रणाली बसवण्याचे काम यापुढे अगदीच क्षुल्लक ठरले. पुतणीने जुनी डिस्क पुसलीच नाही. ती स्क्रू काढून बाहेर घेतली आणि तिच्या जागी नवी, बिनफिरती एसएसडी लावली. जुनी डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून आम्ही मोडी कागदांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. दोन्ही एकाच जातीच्या वस्तू, असे त्या वेळी मनात आले. मग नव्या डिस्कवर मिंट चढू लागली. मध्येच तिने जगाचा नकाशा दाखवून आपण कोठे राहता हे विचारले. भारतावर बोट ठेवले तर उत्तर आले, कोलकाता. दिल्ली नाही, मुंबई नाही, उज्जयिनीचा तर प्रश्नच नाही. साऱ्या भारताची वेळ त्या यादीत कोलकात्याच्या नावाने नोंदलेली. वास्तविक आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि आमच्या वेधशाळेतील सावली तिच्यापेक्षा सुमारे २७ मिनिटे मागे चालते. ज्या गावाने एके काळी सगळ्यांना शून्य पुरवले त्याने निमूटपणे 'कोलकाता' मान्य केले. अर्ध्या तासात सारे आटोपले. ज्या खोक्यात जान उरली नाही असे सांगितले गेले ते आता चहा निवण्याआधी उठते.

लोककथांतील विक्रमराजाला परकायाप्रवेशाची विद्या अवगत होती असे म्हणतात. त्या कथांत अडचण नेहमी एकच येते. देह आपला, आत्मा दुसऱ्याचा, आणि घरच्या माणसांना चाहूल लागते की काहीतरी निराळे आहे. आमच्याकडेही तसे झाले. सौ.चा पत्त्यांचा डाव दिसेना. तो दुसऱ्या नावाने सापडला, पण त्यातली राणी तिला अनोळखी वाटली. कुंडली मांडण्याची तिची एक आज्ञावली केवळ विंडोजची. ती अद्याप चाललेली नाही. हयातीचा दाखला देण्यासाठी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आम्ही जपून ठेवले होते, ते कपाटात गेले. आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही आपण जिवंत असल्याचे शासनाला पटवता येते.

आमची स्वतःची अडचण बोटांची. रेमिंग्टनवर रोमन 'के'च्या जागी काना उमटतो. इनस्क्रिप्ट नावाच्या प्रमाण कळपट्टीवर तेथे 'क' बसलेला. ऱ्हस्व वेलांटी दोन्हीकडे एकाच कळीवर आहे, पण रेमिंग्टनवर ती अक्षराच्या आधी काढावी लागते आणि इनस्क्रिप्टवर नंतर. ४० वर्षे 'आधी वेलांटी, मग क' अशी सवय झालेल्या बोटांना 'आधी क, मग वेलांटी' सांगणे म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला डाव्या हाताने वाढायला सांगणे. जुन्या बोटांसाठी रेमिंग्टन पद्धतीने कळा दाबून युनिकोड लिहिण्याची सोयही या प्रणालीत आहे. ती घ्यावी असे एकदा वाटले. पण इनस्क्रिप्टवर मराठीचा 'ळ' आणि 'ऱ' आपापल्या भावंडांच्याच कळीवर, 'ल' आणि 'र' यांच्या वरच्या मजल्यावर राहतात, हे पाहिले आणि आम्ही इनस्क्रिप्ट शिकायला बसलो. रोज सकाळी पाऊण तास.

त्या 'ऱ'चेच आता सांगायचे आहे. १४३ पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर काही क्षणांत झाले; त्यासाठी तयार आज्ञावली मिळतात. वाचायला घेतले तेव्हा किरकोळ पडझड दिसली. कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली, कुठे रफार एक घर पुढे सरकलेला. हे नजरेने कळते आणि हाताने दुरुस्त होते. पण एक जागा अशी होती की जेथे नजर पुरेना. हिंदीला 'तऱ्हा', 'वऱ्हाड', 'दऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' लागत नाही, आणि हिंदीसाठी घडवलेल्या त्या टंकात टंकलेखकाला तो कोठे सापडणार? त्याने बिचाऱ्याने सर्वत्र रफार दिला. युनिकोडमध्ये ही चंद्रकोर काढण्याची युक्ती गमतीची आहे. द्राविडी भाषांतील एका 'र'साठी नुक्त्याचा 'ऱ' ठेवलेला आहे. त्याचा पाय मोडला की मराठीची चंद्रकोर मिळते. तेव्हा लिहिण्याची सोय आता झाली होती. परंतु मूळ वह्यांत वडिलांनी कोठे रफार दिला होता आणि कोठे चंद्रकोर, हे यंत्राला कसे कळावे?

'दर्या ओलांडून कऱ्हाडास आले' असे आम्हांला आठवत होते. फाइलीत 'कर्हाडास' होते. कऱ्हाडचे कळते. दर्या ओलांडून कऱ्हाडला कोणी जात नाही, तेव्हा त्या दऱ्याच असल्या पाहिजेत. पण पान १७ वर हे वाक्य होते: 'आजोबा उज्जयिनीस प्रथम आले ते आचार्यांबरोबर.' आचार्य म्हणजे गुरू. आणि आचारी या शब्दाचे 'आचाऱ्यांबरोबर' झाले तर स्वयंपाकी. फरक एका रेघेचा. त्या एका रेघेवर आमच्या घराण्याचा माळव्यातला पहिला दिवस टांगलेला. २००५ मध्ये काढलेल्या छापील प्रती नातेवाइकांकडे गेल्या होत्या, आणि पुण्याचे आमचे एक चुलतबंधू लग्नसमारंभांतून सांगत असत की, आपले मूळपुरुष वेदशास्त्रसंपन्न आचार्यांच्या परिवारातून अवंतिकेस आले. त्यांच्या आवाजात त्या वेळी जो भारदस्तपणा येई तो आम्हीही कौतुकाने ऐकला आहे.

सबंध फाइलीत असे अकरा शब्द निघाले. ते एका कागदावर उतरवून आम्ही देवासला आत्याकडे गेलो. वडिलांच्या पाठची ही बहीण, वय ९०. कानाला कमी येते, पण स्मरण टाकीचे घाव घातल्यासारखे. आम्ही शब्द मोठ्याने वाचला आणि विचारले, "आत्या, आचार्य की आचारी?"

आत्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अरे, आचारी! आचार्य कुठले आपल्या घरात! सिंहस्थाच्या अन्नछत्रासाठी आचारी निघाले होते, त्यांच्यात पाणी भरायला म्हणून आले आजोबा. मेळा उठला, आचारी परत गेले, हे राहिले. बाबा सांगत असत. त्यांची ती मोठी झारी कितीतरी दिवस घरात होती, तू पाहिली नसशील."

आम्ही पाहिली होती. लहानपणी तिच्यावर बसून आम्ही घोडा घोडा खेळत असू. ती कशाची हे कोणी कधी सांगितले नव्हते. उज्जयिनीला परतल्यावर त्याच रात्री पान १७ उघडले, रफार पुसला, 'र'च्या वरच्या मजल्यावरची कळ दाबली, पाय मोडला, आणि चंद्रकोर उमटली. पुण्याच्या बंधूंना दुरुस्त पान पाठवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

अकरापैकी नऊ शब्दांचा निकाल आत्याने लावला. दहाव्या शब्दात एका शेताचे नाव होते; ते शेत कोठले हेच तिला ठाऊक नव्हते. अकराव्यात वेगळीच पंचाईत. 'पुढे गोर्यांच्या बंगल्यावर दोन वर्षे काढली' असे फाइलीत होते. येथे चंद्रकोरच हवी याविषयी शंका नव्हती. ती देऊन 'गोऱ्यांच्या' केले. पण ते गोरे आडनावाचे कोणी होते की साहेब लोक, हे आत्यालाही सांगता आले नाही. त्या दोन शब्दांपुढे आम्ही कंसात प्रश्नचिन्हे टाकली आहेत. आपणांपैकी कोणाच्या घरच्या कागदांत त्या बंगल्याचा उल्लेख असेल तर कळवावे. फाइल आता कोणत्याही यंत्रावर उघडते.